कोळशाचा पृष्ठभाग कसा वाचला गेला

बिरवाडीच्या शेजारी महाडची औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि ‘सांडपाणी’ हा शब्द आमच्याकडे घरोघरी बोलला जाऊ लागला. ते पाणी शुद्ध करताना पुष्कळ ठिकाणी शेवटी सक्रिय कोळशातून गाळतात. एका कारखान्यात आम्ही एकदा विचारले, टाकीतला कोळसा ताजा की निकामी? साहेबांनी मूठभर कोळसा आमच्या हातावर ठेवला व म्हणाले, “बघा.” बघायचे काय? ताजाही काळा, निकामीही काळाच.

कोळशाची सारी करामत त्याच्या पृष्ठभागावर असते. तो वाचण्याची विद्या फार जुनी नाही.

१८८७ साली हाइनरिख हर्ट्झ यांना जर्मनीत आढळले की, अतिनील प्रकाश पडला म्हणजे धातूच्या गोळ्यांमधील ठिणगी सहज उडते. १९०५ साली आइन्स्टाइन यांनी त्याचा उलगडा केला. प्रकाश ठराविक ऊर्जेच्या पुड्यांनी येतो आणि एक पुडी एका इलेक्ट्रॉनला बाहेर काढते. पुडीची ऊर्जा ठाऊक असली व बाहेर आलेल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा मोजली, की तो किती घट्ट बांधलेला होता हे वजाबाकीने निघते. क्ष-किरण वापरले तर अणूच्या आतल्या घरातले इलेक्ट्रॉनही सुटतात. मँचेस्टरला रॉबिन्सन व रॉलिन्सन यांनी १९१४ साली हे करून पाहिले. पण रेषा पसरट उमटत. वजाबाकी बरोबर, मोजमाप ढोबळ! चाळीस वर्षे अशीच गेली.

मग स्वीडनमधील उप्साला येथे काइ सीगबान यांनी मोजमाप इतके बारीक केले की, एकाच मूलद्रव्याचे अणूही शेजाऱ्यांवरून वेगळे ओळखू येऊ लागले. १९६४ साली थायोसल्फेटातील गंधकाच्या दोन अणूंची दोन शिखरे दिसली. १९६७ साली त्यांचा ग्रंथ निघाला. १९८१ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

आता कर्बाचे पाहू. निव्वळ कर्बाचे शिखर सुमारे २८४.५ इलेक्ट्रॉन-व्होल्टांवर येते. शेजारी प्राणवायू असला, की तो इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो, उरलेले अधिक घट्ट बसतात आणि शिखर वर सरकते : एका बंधाला सुमारे दीड, आम्लगटाला चारच्या वर. हा फरक व्यवहारातला आहे. नायट्रिक आम्लाने प्राणवायू चढवलेला कोळसा धातूंचे आयन अधिक धरतो, पण फिनॉल कमी.

मात्र यंत्राचा कागद आला म्हणून मान डोलावू नये. ग्रॅफाइटाच्या शिखराला मुळातच वरच्या बाजूस शेपूट असते. ते विसरून एका टेकडीखाली हव्या तितक्या टेकड्या आखल्या, की नसलेला प्राणवायूही सापडतो. म्हणून प्राणवायूचे स्वतःचे शिखर, सुमारे ५३२ वरचे, ताडून पाहावे. हजेरीपट व पगारपत्रक आम्ही असेच समोरासमोर ठेवीत आलो. शिवाय हवेत राहिलेल्या प्रत्येक वस्तूवर कर्बाचा पातळ थर बसतो. त्याच थराला पट्टी मानून वर्षानुवर्षे मापे घेतली गेली. स्वीडनमधीलच ग्रेचिन्स्की व हुल्टमन यांनी अलीकडे दाखवले की ही पट्टी दोन इलेक्ट्रॉन-व्होल्टांहून अधिक सरकू शकते. आणि कोळसा तपासताना तर मळही कर्बाचा, मालही कर्बाचा!

दुसरी अडचण खोलीची. इलेक्ट्रॉन वरच्या सुमारे दहा नॅनोमीटरांतूनच सुटतात. साध्या कागदाची जाडी लाखभर नॅनोमीटर असते, यावरून कल्पना यावी. सक्रिय कोळशाचा बहुतेक पृष्ठभाग आतल्या छिद्रांत. तेथवर या यंत्राची नजर पुरत नाही. म्हणून दाणा दळून पाहतात, आणि जोडीला आयोडीन अंक घेतात.

असे यंत्र पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आहे. कामगारसंघाला ते कोठून परवडणार? आयोडीन अंकाला मात्र साधी रासायनिक प्रयोगशाळा पुरते. त्या कारखान्यात पुढे आम्ही मूठ पाहणे सोडले. कोळसा भरल्याची तारीख आणि आयोडीन अंकाचा कागद मागू लागलो. पहिला कागद हाती यायला दोन पावसाळे गेले.