एकदाच बोलावे, सर्वांनी ऐकावे

दवंडी पिटणाऱ्याला श्रोते मोजावे लागत नाहीत. तो चौकात उभा राहतो, एकदा बोलतो, आणि ज्याला ऐकावयाचे तो उंबऱ्यापर्यंत येतो. पोस्टमनचे काम याच्या उलट. मजकूर एकच असला तरी हजार घरांसाठी हजार पत्रे हवीत आणि हजार दारे ठोठवावयास हवीत. इंटरनेटचे जाळे जन्मले ते पोस्टमनच्या रीतीने. त्यात दवंडीची सोय करण्यासाठी जी खटपट झाली, तिचा इतिहास आज आम्हांस थोडक्यात सांगावयाचा आहे. हा इतिहास यंत्रांचा खरा. पण त्यातला पेच माणसांचा आहे.

१९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीव्ह डीअरिंग हे डेव्हिड चेरिटन यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करीत होते. एका इमारतीतील संगणक जोडणाऱ्या ईथरनेटच्या तारेवर एकच संदेश अनेकांना एकदम देता येई. पण राउटर, म्हणजे एका जाळ्यातले टपाल दुसऱ्या जाळ्यात पुढे धाडणारे यंत्र, मध्ये आले की ती सोय संपे. ती राउटरपलीकडे कशी न्यावी, हा डीअरिंग यांच्यापुढचा प्रश्न होता. ऑगस्ट १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी १११२ या नियमपत्रात त्यांनी त्याचे उत्तर मांडले. त्या रीतीस मल्टिकास्ट म्हणतात.

उत्तर साधे होते. २२४ ते २३९ या अंकांनी सुरू होणारे पत्ते कोणत्याही एका यंत्राचे नसून मंडळाचे असतात. ज्याला ऐकावयाचे त्याने जवळच्या राउटरला कळवावे की, आम्ही या मंडळात आहोत. तो राउटर आपल्या पुढच्या राउटरला कळवितो. बोलणारा मात्र एकच प्रत सोडतो. वाट जेथे फुटते तेथेच दुसरी प्रत निघते. दर सेकंदास २ मेगाबिट लागणारे चित्र १,००० जणांस वेगवेगळे पाठविले, तर सर्व्हरच्या दारातून २,००० मेगाबिट बाहेर पडावे लागतात. मल्टिकास्टमध्ये २ पुरतात. प्रेक्षक दहा असोत वा दहा हजार, बोलणाऱ्यावरचा बोजा तेवढाच.

मार्च १९९२ मध्ये सॅन डिएगो येथे इंटरनेटचे नियम ठरविणाऱ्या अभियंत्यांची सभा भरली. तिचा आवाज तीन खंडांतील २० ठिकाणी या रीतीने पोचविण्यात आला आणि त्याच वर्षी चित्रही जाऊ लागले. वाटेवरच्या बहुतेक राउटरांना ही नवी भाषा समजत नव्हती. म्हणून हे टपाल साध्या लिफाफ्यात घालून त्यांच्या हातून पार केले जाई. अशा जोडणीतून ‘एमबोन’ नावाचे जाळे उभे राहिले. १८ नोव्हेंबर १९९४ रोजी डॅलस येथील रोलिंग स्टोन्स या नामांकित वाद्यवृंदाचा कार्यक्रम एमबोनवरून जाणार होता. तो सुरू होण्यापूर्वी कॅलिफोर्नियातील काही संगणकतज्ज्ञांच्या ‘सिव्हिअर टायर डॅमेज’ या हौशी वाद्यवृंदाने, कोणीही न बोलाविता, त्याच जाळ्यावर आपले वादन सुरू करून दिले! श्रोतेहो, या विनोदात मोठा अर्थ आहे. ज्याच्यापाशी एक संगणक व एक तार, त्याला जगापुढे उभे राहता येत होते.

पॅरिसजवळच्या एकोल सांत्राल या संस्थेत १९९६ मध्ये विद्यार्थ्यांनी आपल्या वसतिगृहाच्या जाळ्यावर चित्र खेळविण्याचा उद्योग आरंभिला. आज घरोघरी ठाऊक असलेला, नारिंगी शंकूच्या खुणेचा व्हीएलसी त्यातूनच निघाला. अशा मीडिया सर्व्हरवर मल्टिकास्ट उभारणे कठीण नाही. कॅमेऱ्याचे चित्र आत घ्यावे, २३९ ने सुरू होणारा, संस्थेच्या आतल्या वापरासाठी राखलेला पत्ता व पोर्ट नेमावा, आणि चित्राने किती राउटर ओलांडावेत तो आकडा लिहावा. हा आकडा प्रत्येक राउटरपाशी एकाने कमी होतो व शून्य झाला की टपाल तेथेच टाकून दिले जाते. तो १ ठेवला, तर चित्र आपल्या जाळ्याबाहेर पडत नाही. नवशिका बहुधा येथेच अडतो. पण आकडा वाढवूनही वाटेवरच्या राउटरांना मंडळांची नोंद ठेवण्यास कोणी सांगितले नसेल, तर सर्व्हरचा इलाज खुंटतो.

आणि जगाच्या मोठ्या जाळ्यावर नेमके तेच झाले. हजारो मालकांच्या राउटरांनी परक्याच्या मंडळांची नोंद का ठेवावी? श्रोते किती हे कळत नसता मोबदला कोणाकडून घ्यावा? कोणीही कोणत्याही मंडळात ओरडू लागला तर त्याला आवरावे कोणी? शिवाय प्रेक्षकाला आपल्या सवडीने पाहावयाचे असते. तेव्हा कंपन्यांनी गावोगाव सर्व्हर ठेवून पोस्टमनचीच फौज वाढविली. १९ नोव्हेंबर २०२३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यास हॉटस्टारवर एका वेळी ५.९ कोटी प्रेक्षक होते. हा पराक्रम खरा; पण तो धनवंताचा पराक्रम आहे. हौशी वाद्यवृंदाला एवढी फौज परवडत नाही.

मग डीअरिंग हरले काय? तसे नाही. जेथे सगळ्या गल्ल्या एकाच मालकाच्या आहेत, तेथे त्यांची रीत आजही चालते. मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराने दलालांचे संगणक आपल्याच आवारात ठेवण्याची सोय केल्यावर भावांतील प्रत्येक हालचालीची वार्ता त्यांना एकामागून एक पाठविली जाई. जो आधी जोडला जाई, त्याला ती आधी मिळे. यावरून मोठा वाद माजला आणि सेबीने एप्रिल २०१९ मध्ये आदेश काढला. त्यातील नफा परत करण्याचा हुकूम अपील न्यायाधिकरणाने २०२३ मध्ये रद्द केला. पण तत्पूर्वीच, २०१४ मध्ये, बाजाराने मल्टिकास्ट स्वीकारले होते. पोस्टमनच्या रांगेत कोणी तरी पहिला असतोच. दवंडीला रांग नसते.

एका विद्यार्थ्याला युक्ती सापडली, ती १९८९ मध्येच. पण वाटेवरच्या प्रत्येकाची संमती मिळविणे हे एकट्याचे काम नव्हते आणि ते अद्याप झालेले नाही. एकाचे बोलणे सर्वांस, एकाच वेळी व सारख्याच किमतीत पोचावे, ही इच्छा ज्या समाजाला असेल, त्याने यंत्राइतकीच त्या वाटांच्या मालकीचीही चौकशी केली पाहिजे, असे आम्हांस वाटते.