खोली, कान आणि गाणं: घरच्या ध्वनिमिश्रणाची प्रस्तावना

घरी गाणं रेकॉर्ड करून ते स्वतःच मिक्स करणाऱ्या प्रत्येकाला एक अनुभव हमखास येतो. रात्री घरची मंडळी झोपल्यावर हळू आवाजात जमवलेलं मिक्स भरीव आणि नेटकं वाटतं. सकाळी तेच गाडीत लावलं की डग्गा अंगावर येतो आणि गायकाचा आवाज मागे जातो. मग नवं प्लगिन, महागडा मायक्रोफोन यांचा शोध सुरू होतो. दोष बहुतेक वेळा तिथे नसतो. स्पीकरमधून आपल्यापर्यंत जे पोचतं त्यात तीन गोष्टी मिसळलेल्या असतात: ट्रॅकमध्ये खरोखर असलेलं गाणं, खोलीने घातलेली भर आणि त्या पातळीवर आपल्या कानाने केलेला निवाडा. या तिन्ही वेगवेगळ्या ऐकू येऊ लागल्या की प्रगतीला सुरुवात झाली असं मी मानतो. या विद्येच्या दारात उभ्या असलेल्या वाचकाचं स्वागतही मी याच विचाराने करतो.

पूर्वी ही जबाबदारी संगीतकारावर नव्हती. मुंबईच्या फिल्मी स्टुडिओंत गायक आणि अख्खा वाद्यवृंद एकत्र गात-वाजवत, आणि मायक्रोफोनपासून कोणी किती अंतरावर बसायचं हे ध्वनिमुद्रक ठरवत. परळच्या राजकमल कलामंदिरात मंगेश देसाई चित्रपटांचं ध्वनिमिश्रण करत. ‘शोले’चं ध्वनिमिश्रणही त्यांचंच. अशा तयार कानांना काम करायला मुद्दाम त्यासाठी बांधलेल्या खोल्या होत्या. १९७९मध्ये टॅस्कॅम कंपनीने साध्या कॅसेटवर चार ट्रॅक घेणारा ‘पोर्टास्टुडिओ’ बाजारात आणला, आणि ब्रूस स्प्रिंगस्टीनचा १९८२चा ‘नेब्रास्का’ हा अल्बम न्यू जर्सीतल्या घरात त्याच यंत्रावर रेकॉर्ड झाला. पुढे संगणकाने ट्रॅकच्या संख्येची अडचणच संपवली. २०१९मध्ये आलेला बिली आयलिशचा पहिला अल्बम लॉस एंजेलिसमध्ये बहुतांशी तिच्या भावाच्या झोपायच्या खोलीत तयार झाला, हे अनेकांना ठाऊक असतं. त्याचं मिक्सिंग मात्र रॉब किनेल्स्की या अनुभवी इंजिनिअरने केलं, हे फारसं सांगितलं जात नाही. यंत्र घरी आलं; चांगली खोली आणि दुसऱ्याचा तयार कान मागेच राहिले.

आधी खोलीचं बघू. आपल्याकडच्या फ्लॅटमधली दहा बाय दहाची खोली घ्या. दहा फूट म्हणजे सुमारे ३.०५ मीटर. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, त्यामुळे समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपासचा स्वर अडकून घुमत राहतो. लांबी आणि रुंदी सारखीच असल्याने दोन्ही जोड्या एकाच स्वराला बळ देतात. मॉनिटर स्पीकरवर ५६ हर्ट्झचा सलग स्वर लावा आणि खोलीत फिरून पाहा. भिंतीशी तो अंगावर येतो, खोलीच्या मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. ११२ हर्ट्झच्या स्वराचं उलट होतं, तो मधोमध ठळक ऐकू येतो. डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेला घुमारा याच प्रदेशातून वर-खाली जातो, म्हणून टेबल खोलीच्या मध्यावर मांडणाऱ्याला एक डग्गा ऐकू येतो आणि पाठ भिंतीला लावून बसणाऱ्याला दुसराच. दोघेही आपापल्या परीने ईक्यू फिरवत राहतात. मुळात दोष ट्रॅकमध्ये नसतो, त्यामुळे खोलीत केलेली ही दुरुस्ती बाहेर नेल्यावर चूक ठरते.

भिंतीला अंड्यांचे ट्रे किंवा पातळ फोम चिकटवून हे जात नाही. ५६ हर्ट्झच्या लाटेची लांबी सहा मीटरच्या वर असते, आणि इंच-दीड इंचाचा फोम फक्त वरचे स्वर शोषतो. खोली मंद होते आणि घुमणं तसंच राहतं. कोपऱ्यांत रॉकवूलचे जाड पॅनेल लावले तर खरा फरक पडतो. त्याआधी फुकटातली गोष्ट म्हणजे बसायची जागा बदलणं: समोरच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या सुमारे ३८ टक्क्यांवर बसून पाहावं आणि तिथून थोडं पुढे-मागे सरकावं. लोखंडी कपाटाचं दार एखाद्या स्वराला थरथरतं का, तेही एकदा शोधून काढावं.

कानाची गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. १९३३मध्ये बेल लॅबोरेटरीजच्या हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी दाखवून दिलं, की आवाज जितका हळू, तितके खर्जातले स्वर आपल्याला कमी ऐकू येतात. रात्री हळू आवाजात काम करताना बास कमी वाटतो, आपण तो वाढवतो, आणि सकाळी मोठ्या आवाजात तो वाढवलेला बास पुरता उघडा पडतो. सुरुवातीला सांगितलेल्या अनुभवाचं हे मुख्य कारण. यावर उपाय साधा आहे. शेजारच्या माणसाशी बोलता येईल इतकी एक पातळी ठरवावी, आवाजाच्या बटणावर चिकटपट्टीने खूण करावी आणि तोलाचे निर्णय त्याच खुणेवर घ्यावेत. दुसरी सवय तुलनेची. किंचित मोठा वाजणारा आवाज कानाला चांगला वाटतो. कॉम्प्रेसर लावल्यावर ट्रॅक एक डेसिबलने जरी वाढला, तरी कॉम्प्रेसर उत्तम असल्याचा भास होतो. आधीची आणि नंतरची पातळी सारखी करून ऐकल्याशिवाय कुठल्याही प्लगिनबद्दल मत बनवू नये, हा नियम मी अतिशय आग्रहाने सांगतो.

आता खुद्द गाण्याकडे येऊ. मिक्सिंगचं उपलब्ध शिक्षण मुख्यतः ड्रमसेट, गिटार आणि पाश्चात्त्य पॉपवर उभं आहे, आणि ते जसंच्या तसं उचललं की आपल्या वाद्यांचं नुकसान होतं. गढूळपणा घालवायला २०० ते ४०० हर्ट्झ कापा, हा सल्ला सगळीकडे मिळतो. काळी एकमध्ये लावलेल्या तबल्याचा सूर २७७ हर्ट्झच्या आसपास असतो. तिथे कात्री चालवली की बोल उरतात आणि तबल्याचा सूर जातो. साध्या ताणलेल्या चामड्याच्या वाद्याचे उपस्वर मूळ स्वराच्या पटीत नसतात. तबला-मृदंगाच्या शाईमुळे ते पटीत येतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२०मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलं. तबल्याला सूर मिळतो तो त्यामुळेच, आणि म्हणून तबला मिक्स करताना एक डोळा नेहमी षड्जावर ठेवावा लागतो.

अभंगाचं उदाहरण तर फार शिकवणारं आहे. गायक, पेटी, पखवाज आणि टाळ, एवढंच साहित्य. पेटी गायकाच्या मागोमाग, पुष्कळदा त्याच सप्तकात चालते, त्यामुळे दोघांचे उपस्वर एकमेकांवर बसतात आणि ईक्यूने त्यांना वेगळं करणं जवळपास अशक्य होतं. इथे फेडर कामाला येतो. गायकाचा शब्द सुरू असताना पेटी दोन डेसिबलने खाली, तो श्वास घेईल तिथे पुन्हा वर. चांगला साथीदार भात्याने हेच करत असतो. टाळ सगळ्या मायक्रोफोनांत शिरतात, म्हणून ते शक्यतो वेगळ्या खोलीत किंवा नंतर स्वतंत्रपणे घ्यावेत. पखवाजाच्या धुमेला लावलेली कणीक पंख्याखाली वाळत जाते आणि तासाभरात आवाज बदलतो. पहिल्या आणि शेवटच्या टेकमधला तो फरक ईक्यूने भरून काढत बसण्यापेक्षा कणीक पुन्हा लावून घ्यावी.

रिव्हर्ब, मास्टरिंग, लाउडनेस या विषयांवर पुढे सविस्तर लिहिलं आहे. इथे इतकंच नोंदवतो, की स्पॉटिफाय गाण्यांची पातळी साधारण उणे १४ एलयूएफएसला आणून वाजवतं, त्यामुळे निव्वळ मोठं वाजावं म्हणून लिमिटरने गाणं चेपण्याचं कारण उरलेलं नाही.

पहिलं प्रकरण सुरू करण्यापूर्वी वाचकाने दोन गोष्टी तयार ठेवाव्यात. एक, खोलीची लांबी, रुंदी आणि उंची टेपने मोजून लिहिलेला कागद. दुसरी, वर्षानुवर्षं ऐकून पाठ झालेली तीन गाणी, सीडीवरून किंवा तितक्याच चांगल्या फाइलमधून घेतलेली. त्यातलं एक तरी आपण करतो त्याच प्रकारचं असावं, कारण अभंगातल्या पखवाजाचा तोल इंग्रजी पॉपमधल्या बासवरून ठरवता येत नाही. आपल्या मिक्सशी ताडून पाहताना या गाण्यांची पातळी मात्र खाली आणावी. मास्टर झालेलं गाणं कच्च्या मिक्सपेक्षा बरंच मोठं वाजतं.