पाटण्याचें कोरीव कवच

खानदेशच्या इतिहासाची गोष्ट निघाली कीं वाचकांस प्रथम धुळ्याची आठवण होते, व तें साहजिकच आहे. इतिहासाचार्य राजवाडे तेथेंच ३१ डिसेंबर १९२६ रोजीं निवर्तले आणि १९२७ सालीं त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ तेथें स्थापन झालें. कागद कोणाच्या दप्तरांतून आला हें न कळल्यास त्याचा पुरावा लंगडा पडतो, हें आतां आम्हां सर्वांस पटलें आहे. जमिनींतून निघालेल्या वस्तूंस हाच नियम अधिक कडकपणें लागू पडतो. तिकडे मात्र आमचें लक्ष क्वचितच जातें.

चाळीसगांव तालुक्यांतील पाटणें हें गांव भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्या शिलालेखामुळें विद्वानांस परिचित होतें. तो लेख तेराव्या शतकाच्या आरंभींचा. १९७२-७३ च्या सुमारास पुरातत्त्व खात्याचे एस. ए. साळी यांनीं तेथें उत्खनन केलें आणि गांवाचा इतिहास एकदम कितीतरी हजार वर्षें मागें गेला! दगडाचीं बारीक हत्यारें निघालीं, शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी निघाले, आणि कवचाचा एक कोरलेला तुकडाही निघाला. त्यावर समांतर रेघा असून त्यांच्या मधें एकमेकींस छेदणाऱ्या तिरप्या रेघांची जाळी आहे. कर्बमापनानें कवचाचा काळ सुमारें २५,००० वर्षांपूर्वींचा ठरला.

येथून पुढचें काम संग्रहपालाचें. रेघ दिसली कीं ती माणसाची, असें मानण्याचा मोह कोणास होत नाहीं? अशा रेघांचीं कवचें देशांत इतरत्रही मिळालीं होतीं, व त्यांचा बराच गाजावाजा झाला. पुढें सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहतां त्यांतील बहुतेक रेघा वनस्पतींच्या मुळांनीं झिजविलेल्या ठरल्या. पाटण्याचा तुकडा मात्र या परीक्षेंत टिकला. आमच्या मतें या कामांत शोधण्याइतकेंच नाकारण्यालाही महत्त्व आहे, आणि नाकारणाऱ्याच्या गळ्यांत कोणी हार घालीत नाहीं.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत डॉ. सांकळियांनीं पुरातत्त्वाची जी परंपरा घातली, तींत अशा वस्तूंबरोबर प्राचीन जनावरांच्या अश्मीभूत हाडांचाही अभ्यास झाला; गोदावरीच्या खोऱ्यांतील हाडें त्यांत प्रसिद्ध आहेत. हें काम बाहेरून अगदीं नीरस दिसतें. तुकड्यावर बारीक अक्षरांत क्रमांक घालावयाचा. स्थळ, खड्डा, थर, खोली यांची नोंद करावयाची. ठिसूळ हाडास द्रावण पाजून घट्ट करावयाचें. क्रमांक पुसला गेला तर पंचवीस हजार वर्षांचें कवच आणि कालची खापरी यांत घरच्या माणसासही फरक दिसणार नाहीं.

जपलेल्या तुकड्याचा उपयोग कधीं होईल हें सांगतां येत नाहीं. २०१७ सालीं हैदराबादच्या शास्त्रज्ञांनीं भारतांतील अशाच जुन्या कवचांतून जनुकद्रव्य काढून तीं आफ्रिकेंतील शहामृगाच्या जवळच्या नात्याचीं असल्याचें दाखविलें. म्हणजे आज आम्ही जो पक्षी केवळ प्राणिसंग्रहालयांत पाहतों, तो एके काळीं या देशांत हिंडत होता. शहामृगास उघडें माळरान मानवतें. त्यावरून पाटणादेवीच्या आजच्या झाडीच्या आसपास त्या काळीं कोरडीं गवताळ मैदानें असावींत.