लिहिलेले वाचकांपर्यंत कसे पोचवावे?

लेख लिहून प्रसिद्ध करणे आज काही क्षणांचे काम झाले आहे. ना छापखाना शोधावा लागतो, ना कागदाचा भाव विचारावा लागतो. तरीही गोव्यात मराठीतून लिहिणाऱ्या अनेकांचा अनुभव एकच असतो. महिनाभर खपून लिहिलेला लेख प्रसिद्ध होतो, घरातले आणि चार मित्र तो वाचतात आणि मग त्यावर शांतता पसरते. लेखात दोष असतोच असे नाही. बहुधा ज्याला त्या लेखाची खरी गरज होती, त्याला तो प्रसिद्ध झाल्याचे कळलेलेच नसते.

आपले लेखन ज्यांच्या कामाचे आहे अशा व्यक्ती आणि संस्था शोधून त्यांच्याशी स्वतः संपर्क साधणे, याला येथे ‘वाचकसंपर्क’ म्हटले आहे. जाहिरातीहून ही गोष्ट वेगळी आहे. जाहिरात अनोळखी गर्दीला उद्देशून असते. वाचकसंपर्क नाव घेऊन, एकेका माणसाशी केला जातो. ही पद्धत इंटरनेटने जन्माला घातलेली नाही. मराठी लेखनव्यवहार तिच्याच आधाराने उभा राहिला आहे.

मराठीतील पूर्वपीठिका

६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले. त्यात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी छापला जाई. एतद्देशीयांना नवे ज्ञान मिळावे आणि त्यांचे म्हणणे राज्यकर्त्यांनाही कळावे, अशी ही दुहेरी रचना होती. आपला वाचक कोण, हे येथे आधी ठरले होते. गोव्यात गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांनी १९१२ साली सुरू केलेल्या ‘भारत’ या पत्रातही मराठीबरोबर पोर्तुगीज मजकूर असे. पोर्तुगीज राजवटीत ज्यांच्या कानी गाऱ्हाणे घालायचे, त्यांच्या भाषेत ते मांडणे आवश्यक होते.

वाचक शोधत हिंडण्याचे सर्वांत मोठे उदाहरण डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचे आहे. रायपूर येथे १८८४ साली जन्मलेले केतकर अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन परतले आणि त्यांनी ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे २३ खंड मराठीला दिले. इतक्या मोठ्या कामाला राजाश्रय किंवा विद्यापीठाचा आधार नव्हता. केतकरांनी नागपुरात ज्ञानकोश मंडळ ही मर्यादित कंपनी काढली, तिचे भाग विकले आणि ग्रंथ तयार होण्याआधीच वर्गणीदार मिळवण्याचे काम हाती घेतले. त्यासाठी ते स्वतः आणि त्यांचे प्रतिनिधी गावोगावी फिरले. या खटाटोपाची हकीकत त्यांनी ‘माझे बारा वर्षांचे काम’ या पुस्तकात सांगितली आहे. ज्ञानकोश लिहिणे आणि त्याला वाचक मिळवणे ही त्यांनी दोन वेगळी कामे मानली नाहीत.

पुढे १९७४ साली दिनकर गांगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ग्रंथाली’ ही वाचक चळवळ सुरू केली. सभासदांकडून आगाऊ रक्कम घेऊन त्यांना सवलतीत पुस्तके देणे आणि गावोगावी ग्रंथप्रदर्शने भरवणे ही तिची कार्यपद्धती होती. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ साली ‘ग्रंथाली’नेच प्रसिद्ध केले. एका नव्या लेखकाचे दलित आत्मकथन महाराष्ट्रभर वाचले गेले, त्यामागे लेखनाच्या सामर्थ्याबरोबर वाचकांचे हे आधीच विणलेले जाळेही होते.

उज्जैनचा धडा

मराठी माणसांनी हिंदीत घडवलेले एक उदाहरण या विषयात विशेष बोलके आहे. उज्जैन हे पूर्वीच्या ग्वाल्हेर संस्थानातील शहर. माधव नगर, माधव महाविद्यालय अशी नावे तेथे आजही त्या काळाची आठवण देतात. शिंदेशाहीमुळे मराठी कुटुंबे या भागात पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. अशाच कुटुंबांतून आलेले दोन तरुण १९४० च्या आसपास या शहराच्या साहित्यिक वर्तुळात होते. प्रभाकर माचवे माधव महाविद्यालयात अध्यापन करीत; गजानन माधव मुक्तिबोध त्याच महाविद्यालयात शिकून पुढे माळव्यातील शाळांत शिकवीत होते. दोघांची घरची भाषा मराठी. माचवे दोन्ही भाषांत लिहीत, मुक्तिबोधांनी हिंदी निवडली. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीतील महत्त्वाचे कवी झाले.

या तरुणांची कविता रूढ हिंदी कवितेपेक्षा निराळी होती आणि ती छापायला प्रकाशक पुढे येत नव्हते. छोटासा संग्रह कसाबसा छापलाच, तर तो बाजारात हरवून जाई. त्यावर उपाय म्हणून सात कवींचा एकच संग्रह काढण्याची कल्पना पुढे आली. मुक्तिबोध, माचवे, नेमिचंद्र जैन, भारतभूषण अग्रवाल, गिरिजाकुमार माथुर, रामविलास शर्मा आणि संपादक अज्ञेय असे हे सात जण होते. प्रत्येक कवी पुस्तकाचा भागीदार असेल, कागदापुरते पैसे वर्गणीतून उभे करायचे आणि छपाईसाठी एखाद्या छापखान्याचे सहकार्य मागायचे, असा मूळ आराखडा होता. १९४३ साली ‘तार सप्तक’ प्रसिद्ध झाले आणि हिंदी कवितेच्या इतिहासात ते एक वळण ठरले.

सातही जणांची मते सारखी नव्हती. अज्ञेयांनी प्रस्तावनेतच ते मोकळेपणाने मान्य केले आहे. तरीही प्रत्येकाच्या ओळखीचा वाचक बाकीच्या सहांना मिळाला. एकट्याच्या संग्रहाला जे साधले नसते, ते परस्परांच्या वाचकवर्गामुळे साधले.

या कथेला दुसरी बाजूही आहे. त्यानंतर दोन दशके मुक्तिबोध सतत लिहीत राहिले. कविता पुन्हा पुन्हा दुरुस्त करायच्या आणि कागदांच्या चळतीत ठेवायच्या, असा त्यांचा क्रम होता. ११ सप्टेंबर १९६४ रोजी त्यांचे दिल्लीत निधन झाले. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा त्यांचा पहिला स्वतंत्र कवितासंग्रह त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. ते रुग्णशय्येवर असताना श्रीकांत वर्मा आदी मित्रांनी त्याची जुळवाजुळव केली होती. मुक्तिबोधांना मित्र लाभले म्हणून त्यांची कविता वाचली. सर्वच लिहिणाऱ्यांना असे मित्र लाभत नाहीत. म्हणून लेखन पोचवण्याची जबाबदारी शक्य तोवर लेखकाने स्वतः उचलावी.

आधी यादी

वाचकसंपर्काची सुरुवात यादीने होते. ही यादी हजार नावांची नसावी; पंधरा-वीस नावे पुरेत. उदाहरणादाखल, गोव्यातील खाजन शेतीचे बांध आणि मानशी यांवर कोणी लेख लिहिला आहे असे समजू. त्याचे संभाव्य वाचक तीन वर्तुळांत सापडतात. पहिल्या वर्तुळात, ज्यांच्याविषयी लेख आहे ते लोक येतात : खाजन कसणारे शेतकरी आणि कोमुनिदादचे सभासद. दुसऱ्यात, त्या विषयात काम करणारे : भूगोलाचे शिक्षक, पर्यावरणाचे अभ्यासक, ग्रंथपाल. तिसऱ्यात, ज्यांचा स्वतःचा वाचकवर्ग आहे असे लोक : संपादक, दिवाळी अंक काढणारे, गावातील किंवा परदेशस्थ गोमंतकीयांचे गट चालवणारे.

बहुतेक लेखक थेट तिसऱ्या वर्तुळाकडे जातात आणि निराश होतात. खरा भक्कम आधार पहिल्या दोन वर्तुळांत असतो. एखाद्या शिक्षकाने तो लेख वर्गात वाचून दाखवला किंवा वाचनालयाने फलकावर लावला, तर तो ऋतू बदलला तरी वाचला जातो. गोव्यात ही व्यवस्था जुनी आहे. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाची स्थापना ‘दर्पण’ निघाले त्याच वर्षी, म्हणजे १८३२ साली झाली. मडगावचे गोमंत विद्या निकेतन १९१२ पासून कार्यरत आहे. अशा संस्थांना आपले लेखन उपलब्ध असल्याचे कळवणे हे कोणत्याही लेखकाला सहज जमण्यासारखे आहे.

पत्र कसे असावे

संपर्काचे पत्र किंवा संदेश थोडक्यात असावा. त्यात चार गोष्टी याव्यात. मी हे आपल्यालाच का पाठवत आहे, हे पहिल्या दोन वाक्यांत कळावे. लेखात नवे काय आहे, ते नेमकेपणाने सांगावे. ‘अवश्य वाचा’ असे म्हणणे म्हणजे काहीच न सांगणे. आपली अपेक्षा एकच आणि स्पष्ट असावी. नकार देण्याची मोकळीक असावी. वरील लेखासाठी एखाद्या शिक्षकाला पुढीलप्रमाणे लिहिता येईल :

‘सप्रेम नमस्कार. आपण शाळेत भूगोल शिकवता आणि आपल्या गावाला खाजन जमीन आहे, म्हणून हे पत्र. मानशीची दारे भरती-ओहोटीबरोबर कशी चालतात, याची आकृती मी शेतकऱ्यांशी बोलून तयार केली आहे; ती सोबतच्या लेखात आहे. वर्गात उपयोगी वाटल्यास ती अवश्य वापरावी. आपल्या भागातील पद्धत वेगळी असल्यास कळवावे, म्हणजे लेखात दुरुस्ती करता येईल.’

या पत्रात मागण्यापूर्वी काही दिले आहे. आकृती शिक्षकाच्या कामाची आहे आणि दुरुस्तीची विनंती त्याच्या ज्ञानाचा आदर करते. असे पत्र मिळालेला माणूस लेख वाचतो, चूक दाखवतो आणि पुढे इतरांनाही सांगतो, कारण आता त्या लेखात त्याचाही वाटा असतो. मात्र पत्र खरे असले पाहिजे. पन्नास जणांना तेच पत्र नाव बदलून पाठवले की ते ओळखू येते.

वेळ आणि पाठपुरावा

योग्य पत्र अवेळी गेले तर वाया जाते. दिवाळी अंकांची जुळणी पावसाळ्यातच सुरू होते, त्यामुळे दसऱ्याला पाठवलेल्या लेखासाठी संपादकाकडे जागा उरलेली नसते. गोवामुक्तीविषयीचे लेखन १८ जूनच्या क्रांतिदिनापूर्वी किंवा १९ डिसेंबरच्या मुक्तिदिनापूर्वी दोन-तीन आठवडे पाठवले, तर शाळा आणि संस्थांना त्याचा उपयोग करून घेता येतो. भाषेविषयीच्या लेखनाला २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन जवळचा. चतुर्थीच्या आठवड्यात मात्र कोणालाही पत्र पाठवू नये. गोव्यात ते वाचले जाणार नाही.

उत्तर न आल्यास आठ-दहा दिवसांनी एकदा, तेही नम्रपणे, आठवण द्यावी. त्यानंतर थांबावे. ज्यांनी उत्तर दिले त्यांचे आभार मानावेत आणि त्यांनी सुचवलेली दुरुस्ती केल्याचे आवर्जून कळवावे. पुढच्या लेखाच्या वेळी हीच माणसे पहिले वाचक असतात.

काय टाळावे

व्हॉट्सॲपवरून सर्वांना सरसकट लेख धाडणे हा सोपा मार्ग वाटतो, पण त्याने फारसे काही साधत नाही. एक संदेश एका वेळी जास्तीत जास्त पाच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा भारतात २०१८ पासून आहे. अनेकदा पुढे गेलेला संदेश २०२० पासून एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. अफवांना आळा घालण्यासाठी केलेले हे नियम चांगल्या लेखालाही लागू होतात. शिवाय रोज काही ना काही पाठवणाऱ्या माणसाचा संदेश लोक न उघडताच पुढे सरकतात, आणि एकदा गमावलेले लक्ष परत मिळवणे कठीण असते.

पैसे देऊन शिफारस मिळवणे आणि ती शिफारस विकत घेतल्याचे लपवणे ही वाचकाची फसवणूक आहे. शोधयादीत वर येण्यासाठी दुवे विकत घेणे गूगलच्या नियमांतही बसत नाही. ‘तुम्ही माझे वाखाणा, मी तुमचे वाखाणतो’ हा व्यवहार वरून सहकार्यासारखा दिसतो. पण ‘तार सप्तका’च्या सात जणांनी एकमेकांची स्तुती केली नव्हती, एकमेकांसाठी जागा केली होती.

यश कशात मोजावे

लेखाखालचा वाचनसंख्येचा आकडा फसवा असतो. एका दिवसात हजार जण डोकावून गेले आणि दुसऱ्या दिवशी कोणीच आले नाही, तर वाचक मिळाला असे म्हणता येत नाही. कितींनी उत्तर दिले, कितींनी चूक दाखवली, पुढचा लेख किती जणांनी आपणहून मागितला, याची साधी नोंद वहीत ठेवावी. पंधरा पत्रांतून तीन उत्तरे आली तरी ती नोंद पुढच्या लेखाच्या वेळी मार्गदर्शक ठरते.

लहान राज्यात मराठीचा वाचकवर्ग मर्यादित आहे, ही तक्रार नेहमी ऐकू येते. परंतु येथे शिक्षक, ग्रंथपाल आणि संपादक हाकेच्या अंतरावर आहेत. केतकरांना वर्गणीदारासाठी गावोगावी हिंडावे लागले. येथे पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या वाचनालयांना एका दुपारी पत्रे लिहून होतात. लेख पुरा झाल्यावर ती दुपार राखून ठेवावी.