समाजाचे स्वतःचे नियम कुठपर्यंत चालतात? सामाजिक बहिष्कार कायदा सोप्या भाषेत

सोसायटीचं पार्किंग, भिशीचा हप्ता किंवा सोनारीसारख्या गावातल्या यात्रेची वर्गणी. असे कितीतरी नियम सरकार नाही, लोकच ठरवतात. त्यात बेकायदेशीर काही नाही. पण नियम मोडणाऱ्याला वाळीत टाकलं तर?

महाराष्ट्रात तो गुन्हा आहे. सामाजिक बहिष्काराविरोधातला कायदा विधिमंडळाने एप्रिल 2016 मध्ये मंजूर केला आणि जुलै 2017 मध्ये तो लागू झाला.

कायदा काय सांगतो?

लग्न, अंत्यविधी किंवा धार्मिक कार्यापासून एखाद्याला रोखणं, त्याच्याशी व्यवहार तोडायला इतरांना भाग पाडणं हा बहिष्कार ठरतो. शिक्षा 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जात पंचायतीची नोंदणी नाही, ही पळवाट चालत नाही. तक्रार पोलिसांकडे किंवा थेट दंडाधिकाऱ्यांकडे करता येते.

मग सोसायटी आणि जात पंचायतीत फरक काय?

सोसायटीचे उपविधी निबंधकाकडे नोंदवलेले असतात. ते कायद्याविरुद्ध असू शकत नाहीत आणि वाद झाला तर दाद मागता येते. जात पंचायतीत नियम करणारे, आरोप करणारे आणि निकाल देणारे बहुतेकदा तेच लोक असतात. सदस्यत्व जन्माने मिळतं, अपील नसतं. बाहेर पडायचं तर नातीगोती तोडावी लागतात.

युरोपातही हाच प्रश्न आला. फिफा आणि युएफा या खासगी संस्था फुटबॉलचे नियम ठरवतात. नव्या स्पर्धेला परवानगी देण्याचे त्यांचे नियम पारदर्शक आणि निःपक्ष निकषांवर नसल्याने बेकायदेशीर आहेत, असा निकाल युरोपीय न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये दिला. नियम करायला हरकत नव्हती, मनमानीला होती.

वाद संपला का?

नाही. मुंबई प्रांताने 1949 मध्येच बहिष्कारबंदी केली होती. दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये तो कायदा 4 विरुद्ध 1 मतांनी रद्द केला. धार्मिक बाबी सांभाळण्याचं पंथाचं स्वातंत्र्य त्यात महत्त्वाचं ठरलं. फेब्रुवारी 2023 मध्ये 5 न्यायाधीशांच्या घटनापीठाने हा प्रश्न 9 न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला.

थोडक्यात, आपले नियम आपण करू शकतो. पण ज्याच्यावर ते लागू होतात, त्याला नाही म्हणायची आणि दाद मागायची सोय हवी.