एक घोस्ट, दहा मशीन



बऱ्याच दिवसांनी लिहितोय. निमित्त भाच्याच्या फोनचं. त्याच्या शाळेला कुणीतरी वापरलेले पंधरा कॉम्प्युटर दिले. काही डेल, काही एचपी, दोन-तीन लेनोवो. त्याने एकावर लिनक्स, मराठी कीबोर्ड, मुलांचे प्रोग्रॅम असं सगळं नीट बसवलं, त्याची इमेज काढून पेनड्राइव्हवर घेतली आणि शनिवारच्या एका दुपारीत पंधराच्या पंधरा चालू केले. "मामा, तुम्ही थोरल्या मामांच्या क्लासमध्ये हेच करायचे ना?"

मी "हो, साधारण हेच" म्हणालो आणि फोन ठेवला. पण ते साधारण हेच नव्हतं. शिवाय त्यात एक गोष्ट अशी आहे जी मी घरात कुणालाच सांगितलेली नाही. तात्यांच्या घरची मंडळी वाचत असतील तर त्यांनी कृपया मध्येच सोडू नये. कंटाळा आला तरी.

तर, २००३ साली दादाने विंचूरला, लासलगावच्या रस्त्याला, कॉम्प्युटर क्लास काढला. टॅली, डीटीपी, मराठी टायपिंग, "बेसिक". मशीन दहा, पण चार हप्त्यांत घेतलेली, नाशिकहून जसे पैसे जमतील तशी. त्यामुळे कुणात इंटेलचा चिपसेट, कुणात व्हीआयए, कुणात एसआयएस. त्या वर्षांत जगभरच खराब कॅपॅसिटरची साथ आली होती, ती आमच्याकडेही आली. मदरबोर्डवरचे ते छोटे डबे फुगायचे, फुटायचे, आणि बोर्ड बदलला की पहिल्यासारखा मिळायचा नाही. दोन वर्षांत आमच्याकडे एकसारखी दोन मशीनसुद्धा उरली नाहीत.

पोरं फ्लॉप्या आणि सीड्या आणायची, त्यातून व्हायरस यायचे, आणि महिन्याकाठी तीन-चार मशीन नव्याने उभी करावी लागायची. एक्सपी घालायला पाऊण तास, मग ड्रायव्हर, ऑफिस, टॅली, मराठी फॉन्ट. सगळं मिळून तीन तास. आणि भारनियमनामुळे सलग तीन तास वीज मिळेल तर शपथ. इन्स्टॉल सत्तर टक्क्यांवर असताना लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. यूपीएस वीस मिनिटं टिकायचा, तोही नवा असताना.

अशात एका हार्डवेअरवाल्याने आम्हाला "घोस्ट मारायला" शिकवलं. हा शब्दप्रयोग तेव्हाच्या सगळ्या क्लासवाल्यांना माहीत असेल. घोस्ट हा प्रोग्रॅम न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचा, मरे हॅझर्ड या माणसाने बायनरी रिसर्च नावाच्या छोट्या कंपनीत १९९५ च्या सुमारास लिहिलेला. नावाचा भुताशी संबंध नाही, "जनरल हार्डवेअर ओरिएंटेड सिस्टिम ट्रान्सफर" याची ती आद्याक्षरं. १९९८ मध्ये सिमँटेकने ती कंपनी विकत घेतली. कल्पना मात्र त्याहून जुनी. युनिक्समध्ये 'डीडी' नावाची कमांड १९७० च्या दशकापासून आहे, ती डिस्क उचलून जशीच्या तशी दुसरीकडे ओतते. पण डीडीला डिस्कवर काय आहे ते कळत नाही, रिकामी जागाही ती तेवढ्याच निष्ठेने कॉपी करते. घोस्टला फाइलसिस्टिम वाचता यायची. चाळीस जीबीच्या डिस्कवर तीन जीबी भरलेले असतील तर तो तेवढेच घ्यायचा, दाबून लहान करायचा, आणि लहान किंवा मोठ्या डिस्कवर बसवून द्यायचा. हे सगळं डॉसच्या एका फ्लॉपीतून!

तीन तासांचं काम पंधरा मिनिटांवर आलं. दादाने त्या दिवशी सगळ्यांना भेळ खाऊ घातली.

भेळ जरा लवकर झाली. विंडोज ९८ ची इमेज कुठल्याही मशीनवर घातली तरी बहुतेक वेळा उठायची. "नवीन हार्डवेअर सापडलं" अशा वीस खिडक्या यायच्या, मूळ सीडी मागायची, पण चालायचं. एक्सपीचं तसं नव्हतं. १ नंबरच्या मशीनची इमेज ६ नंबरवर घातली की विंडोजचं चिन्ह यायचं आणि लगेच निळा पडदा. खाली आकड्यांची रांग, तिच्या शेवटी सेव्हन बी. म्हणजे ज्या डिस्कवरून मी उठतोय तीच मला दिसत नाही. कारण एक्सपी इन्स्टॉल होताना त्या बोर्डाच्या डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर नेमका नोंदवून ठेवतो. बोर्ड बदलला की सुरुवातीलाच आंधळा. दुसरी भानगड एचएएलची. हा विंडोज आणि मदरबोर्ड यांच्यामधला दुभाष्या. तो इन्स्टॉलच्या वेळी एकदाच निवडला जायचा, आणि नव्या बोर्डाचा दुभाष्या जुन्या बोर्डावर गेला तर निळा पडदाही नाही, नुसता काळा.

द्राक्षवाल्यांना हे चटकन कळेल. आपल्याकडे पूर्वी द्राक्ष स्वमुळावर लावत. जमिनी खारवल्या, पाणी कमी पडायला लागलं, तसे लोक डॉगरिजच्या खुंटाकडे वळले. आधी रानात खुंट लावायचा, मग पावसाळ्याच्या शेवटाला त्यावर थॉम्पसन नाहीतर सोनाकाची काडी भरायची. वरचा वेल सगळीकडे तोच, जमिनीशी जे काय बोलायचं ते खुंट बोलतो. आमच्या एक्सपीत वेल आणि खुंट एकत्रच वाढलेले होते, आणि आम्ही ते मुळासकट उपटून दुसऱ्याच्या रानात लावत होतो.

उपाय एक्सपीच्या सीडीवरच होता, सपोर्ट फोल्डरमध्ये एका दाबलेल्या फाइलीत: सिसप्रेप. आधी विंडोज एनटी आणि २००० साठी निघालेलं हे हत्यार, मोठ्या कंपन्यांनी शेकडो मशीन एकदम उभी करावीत म्हणून. ते इमेज काढण्याआधी चालवायचं. मशीनचं नाव, त्याचा ओळख क्रमांक, सापडलेल्या हार्डवेअरची यादी, हे सगळं ते पुसून टाकतं आणि मशीन बंद करतं. पुढच्या वेळी ते जिथे उठेल तिथे सगळं नव्याने विचारतं. माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो इथे. एक इमेज सगळीकडे चालावी म्हणून मी तिच्यात एकेक ड्रायव्हर भरत बसलो होतो, आणि निम्मं काम होतं तिच्यातून काढून टाकायचं. मग डिस्क कंट्रोलरच्या जागी विंडोजचा साधा 'स्टँडर्ड' ड्रायव्हर, बाकीचे ड्रायव्हर एका फोल्डरमध्ये नुसते ठेवलेले, एचएएलच्या हिशेबाने दोन इमेज. दहापैकी आठ मशीन एका इमेजवर, दोन म्हाताऱ्या दुसरीवर. याला मला दोन महिने लागले. (लायसन्सचं विचारू नका. तेव्हा विंचूरला कुणी विचारत नसे, आणि ते काही बरोबर नव्हतं.)

त्या ओळख क्रमांकाची एक गंमत. एकाच इमेजमधून काढलेल्या मशीनचा क्रमांक सारखाच राहतो, हे धोक्याचं, म्हणून तो बदलणारं 'न्यूसिड' नावाचं छोटं हत्यार मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉगस्वेल यांनी लिहिलं होतं. आम्हीही ते श्रद्धेने चालवायचो. २००९ मध्ये रसिनोविचनेच लिहिलं, की नीट तपासलं तर क्रमांक सारखा राहिल्याने काही बिघडत असल्याचं दिसत नाही, आणि न्यूसिड बंद करून टाकलं. आपलंच व्रत आपणच मोडायला धैर्य लागतं.

भाच्याच्या पंधरा मशीनचं मूळ मात्र दुसरीकडे आहे. २००० साली जर्मनीतल्या क्लाउस क्नॉपरने नॉपिक्स काढलं, सीडीवरून चालणारं लिनक्स. ते कुठल्या मशीनवर आहे हे लक्षातच ठेवायचं नाही, प्रत्येक वेळी उठताना सगळं हार्डवेअर नव्याने हुडकायचं. मासिकाबरोबर आलेली ती सीडी आमच्या दहाही मशीनवर चालली तेव्हा मला आनंद होण्याऐवजी रागच आला होता. आता हे लिनक्समध्ये नेहमीचं झालंय. विंडोजनेही व्हिस्टापासून (२००७) एचएएल उठतानाच ओळखायला सुरुवात केली आणि इन्स्टॉलची सीडी म्हणजेच एक तयार इमेज करून टाकली. भाच्याने वापरलेलं क्लोनझिला तैवानच्या सरकारी संगणक केंद्रातल्या लोकांनी केलेलं, फुकट. घरगुती घोस्ट २०१३ मध्ये बंद झाला.

आता ती गोष्ट.

२००५ च्या उन्हाळ्यात तात्या रोज दुपारी क्लासमध्ये येऊन ४ नंबरच्या मशीनवर बसत. आपला कुळवृत्तांत टाइप करत होते. विठ्ठल शिवदेव विंचूरकरांच्या जहागिरीच्या काळात आपलं घर इथे कसं आलं, तिथपासून. मूळ वही भाऊबंदांकडे, अर्धी मोडीत, ती मागायला ते तीनदा गेले होते. पण वहीत होते फक्त पुरुष. तात्यांनी त्यात मुली घातल्या. कोण कुठल्या गावी दिली, तिला काय झालं, तिची लेकरं कोण. ही माहिती त्यांनी जिजीआत्याजवळ बसून तोंडी घेतली होती. आत्या त्याच मार्चमध्ये गेली.

तात्यांची फाइल डी ड्राइव्हमध्ये होती. म्हणूनच ती सुरक्षित, कारण आम्ही इमेज फक्त सी वर घालायचो. घोस्टच्या मेनूत त्यासाठी 'पार्टिशन' निवडायचं. त्याच्या वरचीच ओळ 'डिस्क'. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी, लाइट जायला वीस मिनिटं असताना, मी घाईत वरची ओळ निवडली. पडद्यावर सगळी डिस्क पुसली जाईल अशी सूचना आली, ती रोजच यायची, मी 'यस' दाबलं. मशीन उठलं तेव्हा डी ड्राइव्हच नव्हता.

तात्यांना मी सांगितलं, व्हायरस आला. दादालाही तेच सांगितलं. तात्या म्हणाले, "असू दे रे, तुझा काय दोष." दिवाळीतली एक फ्लॉपी होती, तिच्यात पहिली चाळीस पानं निघाली. वहीतला मजकूर त्यांनी वर्षभर बसून पुन्हा टाइप केला. मुलींचं त्यांना आठवलं तेवढं घातलं.

मला नंतर, दोन वर्षांनी कळलं, की घोस्ट डिस्कच्या सुरुवातीचे तीन-चार जीबीच लिहितो. डी चा भाग पुढे होता. तात्यांची फाइल त्या डिस्कवर बहुधा तशीच पडून होती, आणि त्याच दिवशी मशीन बंद करून नाशिकला नेलं असतं तर निघाली असती. पण व्हायरस म्हटल्यावर कुणी शोधणार कशाला? दुसऱ्या दिवशी सकाळी ४ नंबरवर पोरं टायपिंगला बसली.

२००७ मध्ये पुस्तक छापलं, तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे असेल. त्यात चौथ्या पिढीपासून पुढे मुलींच्या नावापुढे ठिकठिकाणी टिंबं आहेत. तात्या गेले तेव्हाही मी बोललो नाही. ती टिंबं माझी आहेत. ज्यांच्या आज्या-पणज्या आपल्या घरातल्या, त्यांनी मला नाव, सासरचं गाव आणि आठवेल ते कळवावं. येवला, निफाड, कोपरगाव या बाजूला बऱ्याच जणी दिल्या होत्या एवढं मला त्या दुपारी तात्यांच्या खांद्यावरून वाचलेलं आठवतंय.