पेशीचं दार आणि वीज वाहणारं प्लॅस्टिक

आज आपण दोन इतिहास पाहणार आहोत. एक जनुकांचा, दुसरा प्लॅस्टिकचा. बरीच वर्षं दोघांची ओळखही नव्हती.

पेशीचं पटल जेमतेम 5 नॅनोमीटर जाड. पण डीएनएवर ऋण भार असतो, पटलाच्या पृष्ठभागावरही बहुतांशी ऋणच. मग बाहेरचं जनुक आत जाणार कसं? 1982 साली एबरहार्ड नॉयमान आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या पेशींना काही मायक्रोसेकंदांचे विजेचे झटके दिले, सेंटीमीटरला 8 किलोव्होल्टचे! पटलाला क्षणभर छिद्रं पडली आणि या पेशींत नसलेलं थायमिडीन कायनेजचं जनुक आत गेलं. हेच इलेक्ट्रोपोरेशन. अडचण एवढीच, की झटका जास्त झाला तर पेशीच मरते. शिवाय धातूच्या इलेक्ट्रोडपाशी पाण्याचं विघटन होतं, आम्लता बदलते.

मग विषाणूंकडूनच जनुक का पोचवू नये? तेही करून झालं. 1999 च्या सप्टेंबरात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या चाचणीत जेसी गेल्सिंगर हा 18 वर्षांचा तरुण दगावला. जनुक वाहणाऱ्या ॲडेनोविषाणूवर त्याची प्रतिकारशक्ती भयंकर भडकली होती. जनुक कोणतं, याइतकंच ते नेतं कोण, हेही जिवावर बेतू शकतं, हे तेव्हा कळून चुकलं.

आता प्लॅस्टिककडे वळू. 1967 मध्ये हिदेकी शिराकावांच्या टोकियोतल्या प्रयोगशाळेत उत्प्रेरक चुकून सुमारे हजारपट पडला. भुकटीऐवजी पॉलिॲसिटिलीनचा चंदेरी पापुद्रा तयार झाला. पुढे 1977 मध्ये ॲलन मॅकडायर्मिड आणि ॲलन हीगर यांच्यासह त्यांनी त्याला आयोडीन पाजलं, आणि त्याची वाहकता लाखो पटींनी वाढली. 2000 साली तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

हे दोन इतिहास भेटतात कुठे? धातूत वीज इलेक्ट्रॉन वाहतात. पेशीभोवतीच्या द्रवात आयन. पेडॉट-पीएसएस हा बहुलक दोन्ही वाहतो. त्याचा लेप दिलेला इलेक्ट्रोड भार अधिक साठवतो, त्यामुळे पृष्ठभागावर वाया जाणारा दाब कमी होतो आणि घातक रासायनिक क्रियाही. म्हणूनच संशोधक आता इलेक्ट्रोपोरेशनसाठी असे इलेक्ट्रोड वापरून पाहतायत.

बरंचसं काम अजून प्रयोगशाळेतच आहे, हे आपण विसरायला नको. पण दार फोडायचं की अलगद किलकिलं करायचं, यात फरक आहे. आत कुणीतरी जिवंत आहे ना!